गाडीने पाटी मानायची की मागच्या बसचा हॉर्न?

फोंडेकर (धागाकर्ता)
गेल्या महिन्यात नवी गाडी घेतली, लेव्हल 2 ची, म्हणजे थोडेफार स्वतः चालवते, पण लक्ष चालकानेच ठेवायचे. लेन धरून चालते, पुढच्या गाडीपासून अंतर राखते, कॅमेऱ्याने पाटी वाचून वेग बेतते. रविवारी पणजीला जाताना भोमला घरे अगदी रस्त्याला टेकलेली, गाडीने 40 धरले. मागची बस पूर्ण गाव संपेपर्यंत हॉर्न देत होती. मेव्हणा म्हणाला, "सेटिंगमध्ये जा, मर्यादेवर दहा वाढवून ठेव." तसा पर्याय खरेच आहे!

पुढेच बाणस्तारीचा पूल लागतो. ऑगस्ट 2023 मध्ये तिथे एका मोटारीच्या अपघातात तिघे गेले. तो पूल ओलांडताना माझा हात त्या बटनाकडे जाईना. कायदा मोडायची सोय कंपनीने गाडीत बसवूनच द्यावी, हे मला अजिबात पटत नाही.

डिचोलीकर
फोंडेकर, तुमची कळकळ समजते, पण आमच्या बाजूला या एकदा. खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ पाट्यांवर बसते, पांढरे पट्टे तर दिसतच नाहीत. कंत्राटदार काम संपवून जातो, त्याची 20 ची पाटी तिथेच राहते. हायवेवर गाडीने ती वाचून एकदम वेग पाडला, तर मागचा ट्रक डिकीत घुसेल. 2020 मध्ये मॅकअफी या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ताशी 35 मैलांच्या पाटीवर काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवला, तर जुन्या टेस्लाच्या कॅमेऱ्याने 85 वाचले. अशा डोळ्यांच्या भरवशावर मी पोरांना बसवणार नाही. रहदारीबरोबर चालणे हीच सुरक्षितता.

फोंडेकर
रहदारीबरोबर, म्हणजे सगळे चुकतात तसे? टेस्लाने तेच केले होते. माणसे चौकातल्या 'स्टॉप'च्या पाटीपाशी पुरती थांबत नाहीत, म्हणून सॉफ्टवेअरलाही ताशी 9 किलोमीटरपर्यंतच्या वेगाने तसेच पुढे सरकायची मुभा दिली. फेब्रुवारी 2022 मध्ये अमेरिकेत सुमारे 54 हजार गाड्यांमधून ती काढावी लागली. वर्षभराने टेस्लाच्याच 3,62,758 गाड्यांचे रिकॉल झाले, म्हणजे दोष दुरुस्त करायला लागला, त्याच्या कारणांत बदलत्या वेगमर्यादेला नीट दाद न देणे हेही होते. पाटी चुकीची असेल तर पाटी बदलून घेऊ या. पंचायतीत अर्ज द्या, मी सही करतो.

पेडण्याची स्कूटरवाली
तुम्ही दोघेही हायवेवरच अडकलात. 2018 च्या केंद्राच्या अधिसूचनेने मोटारीला चारपदरी रस्त्यावर 100 आणि इतर रस्त्यांवर 70 ची कमाल मुभा दिली. राज्याने कमी केली नसेल आणि पाटीही नसेल, तर आमच्या वाड्यातल्या रस्त्यालाही 70 च! दोन्हीकडे चिऱ्यांची कुंपणे, वळणावर समोरचे काही दिसत नाही, शाळा सुटली की मुले सायकली घेऊन मधोमध. मी तिथे वीसने जाते आणि तरी हॉर्न देते. तुमच्या गाडीने नकाशातला 70 वाचला आणि तसाच पाळला, तर ती कायद्याने बरोबर आणि माझ्यासाठी जीवघेणी. फोंडेकर, याचे उत्तर द्या.

म्हापशेकार
वीस वर्षे टॅक्सी चालवतो. पावसाळ्यात रात्री गुरे डांबरावर येऊन बसतात, कारण रान ओले असते. काळी म्हैस दिव्यात दिसत नाही, आधी डोळे चमकतात. ते पाहिले की पाय आपोआप उठतो. कुठल्या वळणावर कुठली गुरे बसतात तेसुद्धा माहीत असते. यंत्राने पाटी जरूर वाचावी, पण पायाचा हक्क चालकाकडेच राहू दे. युरोपात जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादेची यंत्रणा सक्तीची आहे, तिथेही ॲक्सिलरेटर दाबला की चालकाचेच चालते.

फोंडेकर
ताई, तुमचे म्हणणे बिनतोड आहे. मर्यादा म्हणजे वरची रेघ, तिथवर पोचायलाच हवे असे नाही. सॉफ्टवेअरने दिसेल तेवढ्याच अंतरात थांबता येईल असा वेग धरावा आणि पाटी त्यावरचा शेवटचा अडसर असावा. हे मी आधीच लिहायला हवे होते.

म्हापशेकार, पायाचा हक्क मलाही मान्य. समोरून कोणी चुकीचे ओव्हरटेक करत आला, तर मी दाबेन आणि निसटेन. पण ते त्या क्षणापुरते. मेनूत "दहा जास्त" लावून ठेवणे म्हणजे भोम, बाणस्तारी, शाळा, देऊळ, सगळीकडे मोडायचे हे घरून निघण्याआधीच ठरवणे. मला ते बटन नको आहे.

डिचोलीकर
आणि बसवाला? तो रोज तुमच्या मागे असणार. उद्या वैतागून वळणावर ओव्हरटेक करील, तेव्हा समोरून ताईंची स्कूटर येईल. तुमच्या 40 मुळे.

फोंडेकर
माझ्या 40 मुळे नाही, त्याच्या घाईमुळे. हिशेब करून पाहिला. एक किलोमीटर 40 ने 90 सेकंदांत होतो, 50 ने 72. अठरा सेकंद. बसच्या मालकाशी मी स्वतः बोलायला तयार आहे.