पुण्यासारखं मंडईखाली मेट्रो स्टेशन कोल्हापुरात पाहिजे का?

रंकाळावेस:
पुण्यात स्वारगेटला एसटीतनं उतरलं की खाली मेट्रो, पुढचंच स्टेशन मंडई. वर आलं की महात्मा फुले मंडई, तुळशीबाग, सगळं चालत. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला आणि १८८६ ची ती दगडी इमारत जागच्या जागी उभी हाय. आपल्या महाद्वार रोडला, कपिलतीर्थ मंडईला नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते, त्यात गाड्या. आज ना उद्या आपल्यालाबी जमिनीखालनंच जायला लागणार, माझं स्पष्ट मत.

लक्ष्मीपुरीची लेक:
दादा, गिऱ्हाईकाचं बघितलासा, विकणाऱ्याचं कोण बघणार? माझी आई मंडईत बसते. पहाटे गावाकडनं टेंपोनं माल येतोय, मेथीच्या पेंड्या, वांग्याची पोती, ते काय सरकत्या जिन्यावरनं नेणार? आणि स्टेशन खाली असलं तरी दारं, जिने वरच लागतात, कसबा पेठेत स्टेशनसाठी लोकांना घरं सोडायला लागली. कपिलतीर्थला जागा कुणाची जाणार, रस्त्याकडंला बसणाऱ्या बायकांचीच की.

रंकाळावेस:
ताई, काम चालू असताना त्रास होणार हे मान्य. पण पार्किंग मिळत नाही म्हणून उपनगरातला माणूस मंडईत यायचंच सोडायलाय, त्यात तुमच्या आईचंच नुकसान हाय.

पंचगंगाकाठ:
पुराचं कुणीच बोलंना. २०१९ आणि २०२१ ला शहरात किती आतपर्यंत पाणी आलतं आठवा. मुंबईत वरळीचं आचार्य अत्रे चौक भुयारी स्टेशन २६ मे २०२५ च्या पावसात पाण्यात गेलं, सुरू होऊन महिनाबी झाला नव्हता.

शाहूपुरीकर:
पुरावर उपाय हाय भावा, कोलकात्यात हुगळीच्या पात्राखालनं २०२४ पासनं मेट्रो जाते. माझा विरोध पैशाला हाय. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर साडेपाच लाखाचं, एवढ्याला भुयार परवडत नाही. पुण्याच्या मंडईला ज्यांचं नाव हाय त्या फुल्यांनीच नगरपालिकेत असताना त्या इमारतीच्या खर्चाला विरोध केलता, पैसा शिक्षणावर घाला म्हणून. आधी केएमटीला, म्हणजे आपल्या शहर बससेवेला, बस द्या, दर दहा मिनिटाला मंडईवरनं जाणाऱ्या.

लक्ष्मीपुरीची लेक:
आणि पहाटे पाटी घेऊन चढू देणाऱ्या.

रंकाळावेस:
बस पाहिजेतच, पण बस त्याच गर्दीत अडकणार. महाद्वारला वरनं कुठनं नेणार ते सांगा.