समाजशास्त्र हा मुख्य विषय घ्यावा का?

प्रश्न (परळची_विद्यार्थिनी):
कला शाखेच्या प्रथम वर्षाची परीक्षा संपली असून आता मुख्य विषय निश्चित करावयाचा आहे. माझा ओढा समाजशास्त्राकडे आहे. आजोबा गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर आमच्या चाळीतील कोणती कुटुंबे टिकली आणि कोणती गावी परतली, हे घरात इतक्यांदा ऐकले आहे की त्यामागील कारणे नीट अभ्यासावीत असे वाटते. वडील म्हणतात, हे वर्तमानपत्र वाचूनही कळते, त्यासाठी पदवी कशाला? अर्थशास्त्र घेतल्यास बँकेत तरी लागशील. बारावीपर्यंत माझे माध्यम मराठी होते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त_अध्यापिका):
वडिलांचा आक्षेप जुना आहे आणि तो अगदीच चुकीचाही नाही, कारण हा विषय केवळ व्याख्या पाठ करून शिकला तर वर्तमानपत्राच्या पुढे जात नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखेम यांनी 1897 मध्ये आत्महत्येसारखी, सर्वांना निव्वळ खासगी वाटणारी गोष्ट अभ्यासाला घेतली आणि धर्मपंथ, विवाह, कुटुंब यांनुसार तिचे प्रमाण कसे बदलते हे आकडेवारी मांडून दाखवले. अशी तुलना करण्याची सवय म्हणजे हा विषय. आपण परळच्या आहात म्हणून आणखी एक उदाहरण देते. ज्या परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले, तिथे दाटीवाटीने राहणाऱ्यांना जात कोणी शिकवावी लागत नव्हती. पण 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनात शोधले आणि विधवेवरील निर्बंध व बालविवाह यांचा उलगडा त्याच एका सूत्राने केला. एखाद्या रविवारी विवाहविषयक जाहिराती घेऊन बसा आणि जात, पगार, स्वतःचे घर यांचा उल्लेख किती वेळा येतो ते मोजा. कंटाळा आला नाही, तर हा विषय आपला आहे.

उत्तर (कलिना_एमए):
मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग 1919 चा, म्हणजे देशातील सर्वांत जुन्यांपैकी. पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे नगररचनेचे अभ्यासक. पुढे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो नावारूपाला आणला, आणि इरावती कर्वे व एम. एन. श्रीनिवास हे दोघेही त्यांचेच विद्यार्थी. हा वारसा अभिमानाचा असला तरी नोकरीच्या मुलाखतीत तो कोणी विचारत नाही, हेही सांगून टाकतो. मी एका संशोधन संस्थेत पाहणीचे काम करतो. तिथे विचारले गेले ते एवढेच, की नमुना कसा निवडाल, प्रश्नावली कशी बेताल आणि जमलेली माहिती संगणकावर कशी तपासाल. म्हणून सांख्यिकी टाळू नका. जमल्यास अर्थशास्त्र हा दुय्यम विषय ठेवा, वडिलांचाही मान राहील. क्षेत्रकार्याला चाळीपासून सुरुवात करता येईल, मात्र आपल्याच माणसांची मुलाखत घेणे सर्वांत अवघड असते, कारण आपल्याला सारे ठाऊक आहे असे गृहीत धरून ती निम्मे सांगतच नाहीत.

उत्तर (स्पर्धा_परीक्षा):
थोडा रोखठोक बोलतो. केवळ बीए करून थांबणार असाल तर वडिलांचे ऐका. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत हा वैकल्पिक विषय 500 गुणांचा असतो आणि उत्तरे मराठीत लिहिता येतात. पण सहायक प्राध्यापकपदासाठीच्या नेट या पात्रता परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीतच असते आणि दर्जेदार वाचनसाहित्यही बहुतांशी इंग्रजीत आहे. रोज दोन पाने इंग्रजी वाचून त्यांचा सारांश मराठीत लिहिण्याची सवय आजपासूनच लावा.

परळची_विद्यार्थिनी:
सर्वांचे आभार. काल रविवारच्या पुरवणीतील साठ जाहिराती मोजल्या. ‘जातीची अट नाही’ असे सातांत आढळले. त्यांपैकी तिघांनी त्याच ओळीत स्वतःची जात मात्र लिहिली होती. वडीलही शेजारी बसून मोजत होते.