आईच्या कानाच्या मशीनची वायर सुटलीय, सोल्डरिंग किती डिग्रीवर करू?

डाग_शिकतोय: आईचं कानामागचं मशीन आहे, ६७५ नंबरच्या सेलवालं. आतली लाल वायर सेलच्या पत्तीवरून सुटलीय, केसापेक्षा जरा जाड असेल, आणि लगेच शेजारी प्लास्टिक. दुकानदार म्हणतो नवीनच घ्या. माझ्याकडे साधी २५ वॉटची गन आहे, तिचं टेम्परेचर कळत नाही, म्हणून कंट्रोलवाली बघतोय, बजेट १५०० च्या आत. २५० वर ठेवलं तर काही जळणार नाही ना?

हाक्कोवाला: सरळ सोल्डरिंग स्टेशन (टेम्परेचर सेट करायचा डबा आणि त्याला जोडलेली गन) घ्या. माझं जपानी हाक्को कंपनीचं आहे, सहा वर्षांत एकदाच बिट (गनचं तापणारं टोक) बदलला. पैसे जास्त जातात पण परत बघावं लागत नाही.

रिपेअर_कोल्हापूर: २५० नको!! साठ-चाळीस सोल्डर वायर (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) १८३ ला मऊ पडते, १९० पर्यंत पाणी होते हे बरोबर, पण बिट टेकवला की पत्ती उष्णता ओढते आणि बिट गार पडतो, मग आपण दहा सेकंद दाबून धरतो आणि तेवढ्यात प्लास्टिक जातं. मी एका रिमोटचं असंच वाटोळं केलंय, बोर्डावरचा तांब्याचा पॅडच उचलून आला. ३२० ठेवा, दोन सेकंदांत उचला. नाही धरलं तर गार होऊ द्या, मग परत.

हिरवा_बोर्ड: शिशाची वायर घरात कशाला? लेड फ्री घ्या, ती २१७ च्या पुढे वितळते, ३५० लागेल.

रिपेअर_कोल्हापूर: अहो प्लास्टिक शेजारी आहे म्हणतायत ना! आणि धूर शिशाचा नसतो, राळेचा असतो. खिडकी उघडी ठेवायची, हात धुवायचे.

हिरवा_बोर्ड: हात धुवून भागत असतं तर लेड फ्री निघालंच नसतं.

मोबाईल_लाईन: अकरा वर्षं हेच करतोय. डिग्रीवरून भांडू नका, फ्लक्स (कथील नीट धरावं म्हणून लावतात ते) लावा. वायर आणि पत्ती दोन्हीवर आधी वेगवेगळं कथील चढवा, मग नुसतं टेकवलं की चिकटतं. सेल आधी काढा. नळवाल्यांची पेस्ट चुकूनही नको, ॲसिड असतं, वायर खाऊन टाकते. सुईसारखा बिट पण नको, चपटा छोटा घ्या, उष्णता लवकर जाते.

हाक्कोवाला: हेच म्हणतोय, स्टेशनला चपटे बिट मिळतात.

पुणेकर_७२: ३२० ठेवा. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत बघा, बजेटमध्ये मिळेल.

डाग_शिकतोय: सगळ्यांचे आभार. गन घेतलीच नाही. जुन्याच २५ वॉटच्या बिटावर घरातल्या वायरिंगची जाड तांब्याची तार सोलून घट्ट गुंडाळली, सेंटीमीटरभर पुढे काढली, टोक कानशीनं चपटं केलं. फक्त फ्लक्स आणि अर्ध्या एमएमची ६३/३७ सोल्डर वायर आणली. आधी जुन्या रेडिओच्या बोर्डावर वीसेक डाग मारले. पहिल्या वेळी लाल वायरचं प्लास्टिक मागे सरकलं, घाम फुटला. दुसऱ्या वेळी दोन्हीकडे कथील चढवून टेकवलं, लगेच धरलं, डाग चकचकीत आला. नव्या सेलचा स्टिकर काढून मिनिटभर हवेत ठेवला, मशीनमध्ये घातला आणि मशीन मुठीत घट्ट धरलं. शिट्टी वाजली, म्हणजे मशीन चालू!! आई स्वयंपाकघरात होती, तिला ऐकू गेली नाही, मी धावत जाऊन कानात घातलं.

मोबाईल_लाईन: झकास. ती तांब्याची तार झिजत जाते, अधूनमधून बदलत रहा.

हाक्कोवाला: अभिनंदन. पण पुढच्या वेळी स्टेशन घ्याच.