वॉरंटी संपली, आता दुरुस्तीचं बिल कोणाचं? (अनुभव धागा : ठाणे आणि नवी मुंबई)

खारी_हवा
घरमालक म्हणतो, वापरलं भाडेकरूने. भाडेकरू म्हणतो, वस्तू मालकाची. कंपनी म्हणते, तारीख उलटली. आणि सोसायटीच्या सभेत तळमजल्यावाले विचारतात, आम्ही लिफ्टमध्ये कधी पाऊल टाकलं? या भांडणांत रोज हात घालणारी मंडळी इथे बरीच आहेत. कोण कसं फसलं ते नको, कंपन्यांची नावं तर नकोतच. कुठला भाग जातो, का जातो आणि त्यावरून बिल कोणाच्या नावावर फाडायचं, एवढं लिहा.

तांबेनळी, ऐरोली
एसीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त थापा तिथेच. 'गॅस संपला' असं कोणी म्हणालं की त्याला तिथेच थांबवा. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळीत गोल फिरत असतो. कमी झाला म्हणजे गळाला. तो कुठून गळला यावर पैसे कोणाचे ते ठरतं.

फ्लेअर नटपाशी गळत असेल तर दोष फिटिंगचा. तांब्याच्या नळीचं तोंड फुलवताना चीर गेली, नाहीतर नट नको इतका आवळला. ते बसवणाऱ्याचं काम, तो सापडत नसेल तर मालकाचं. इनडोअर कॉइलला मुंगीच्या बिळासारखी बारीक भोकं पडली असतील तर ती धातूची झीज. खाडीच्या खाऱ्या हवेत कॉइल लवकर खराब होते, आणि नव्या फर्निचरच्या गोंदाची किंवा फवाऱ्यांची वाफ बंद खोलीत साचली तरी तांबं खाल्लं जातं. यात भाडेकरूच्या हातात काहीच नाही, खर्च मालकाचा. मात्र जाळी महिनोन्‌महिने न धुतल्याने कॉइलवर बर्फ धरला किंवा ड्रेन तुंबून भिंत ओली झाली, तर ते वापरणाऱ्याकडे.

काम असं करून घ्या : आधी उरलेला गॅस पूर्ण काढायचा, मगच टॉर्च लावायचा (आर-३२ हा एसीतला गॅस पेट घेऊ शकतो, इथे घाई नको). ब्रेझिंग (टॉर्चने सांधा जोडणं) झालं की नायट्रोजन ३०० ते ४०० पीएसआय दाबापर्यंत भरून दाबमापकाचा काटा अर्धा तास जागचा हलत नाही ना ते बघायचं, सांध्यांवर साबणाचं पाणी. मग व्हॅक्युम पंप निदान वीस-तीस मिनिटं. शेवटी गॅस वजनकाट्यावर तोलून. किती ग्रॅम ते आउटडोअरच्या पट्टीवर छापलेलं असतं. नुसतं 'टॉप-अप' करून जाणारा पुढच्या एप्रिलला पुन्हा दारात उभा राहणार. असलं बिल मालकाने देऊ नये आणि भाडेकरूनेही.

'कॉम्प्रेसरवर १० वर्षं' या ओळीला फार भुलू नका. बहुतेक कार्डांवर फुकट असतो तो फक्त कॉम्प्रेसर. गॅस, मजुरी आणि वाहतूक तुमच्या माथी.

करारनामा, नौपाडा
भाड्याच्या घराचं कायद्याच्या बाजूने. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवणं मालकाचं काम. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने केलं नाही तर भाडेकरू स्वतः करून घेऊन भाड्यातून वळतं करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. गोम अशी की हे जागेच्या दुरुस्तीबद्दल आहे, वॉशिंग मशीनबद्दल नाही. शिवाय आपल्याकडचे बहुतेक करार 'लिव्ह अँड लायसन्स' असतात, म्हणजे राहण्याची फक्त परवानगी, भाडेकरूचा हक्क नाही, त्यामुळे करारातली ओळच शेवटी कामाला येते.

'किरकोळ दुरुस्त्या लायसन्सीने (म्हणजे राहणाऱ्याने) करायच्या' ही ओळ सगळ्या भांडणांची आई. किरकोळ म्हणजे किती? आम्ही आकडा घालतो : सर्विसिंग, फिल्टर आणि एका वेळी २,००० रुपयांपर्यंतचं काम राहणाऱ्याचं. सुटा भाग बदलावा लागला तर मालकाचं, मात्र बिघाडाचं कारण तंत्रज्ञाने लेखी दिलेलं हवं. मालकाने ३ दिवसांत उत्तर दिलं नाही तर राहणाऱ्याने करून घ्यावं आणि पुढच्या महिन्याच्या रकमेतून कापावं. सोबत परिशिष्टात प्रत्येक यंत्राचा मॉडेल, सिरियल नंबर, खरेदीची तारीख आणि शेवटची सर्विसिंग. नोंदणीआधी हे लिहायला दहा मिनिटं लागतात.

खारी_हवा
@करारनामा, मालकाचा अकरा वर्षं जुना फ्रिज बंद पडला तर? नवा घ्यायचा तर पैसे कोणी घालायचे?

करारनामा, नौपाडा
मालकाने. वस्तू वयाने गेली तर राहणाऱ्याचा संबंध नाही. पण 'गेला' म्हणण्याआधी मागे हात घालून बघा. कॉम्प्रेसर चालू व्हायचा प्रयत्न करतो आणि टक् करून बंद पडतो का? बरेचदा कॉम्प्रेसर चालू करणारा रिले किंवा जास्त करंटला तो बंद करणारा ओव्हरलोड प्रोटेक्टर गेलेला असतो, काही शे रुपयांचं काम. त्यासाठी फ्रिज भंगारात देणारेही आहेत.

खाते_वही, कोलशेत
लिफ्टचं. आदर्श उपविधींत (सोसायट्यांसाठीची सरकारी नमुना नियमावली) सरळ लिहिलंय : ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्या सभासदांनी देखभाल-दुरुस्तीचा खर्च सारखा वाटून घ्यायचा, वापरा अथवा न वापरा. तळमजल्याचा वाद इथेच संपतो, तरी दरवर्षी सभेत अर्धा तास खातो. दुरुस्ती-देखभाल निधी सर्वसाधारण सभा ठरवते, पण प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दरवर्षी. सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी) किमान ०.२५ टक्के, आणि त्याला रोजच्या दुरुस्तीसाठी हात लावायचा नाही.

खरा पैसा जातो तो एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) मागच्या पानावर. साध्या एएमसीत तेल, ग्रीस आणि माणूस येतो, भाग तुमचे. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये भाग येतात, पण वगळलेल्यांची यादी वाचा : एआरडीच्या (वीज गेल्यावर केबिन जवळच्या मजल्यावर नेणारं यंत्र) बॅटऱ्या, केबिनचे दिवे-पंखा, दरवाजावर आदळून झालेलं नुकसान, आणि पाणी. आपल्याकडे हे 'पाणी' महत्त्वाचं. पावसाळ्यात पिटमध्ये (लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात) पाणी भरलं आणि केबिन त्यात उतरली की केबिनसोबत हलणारी ट्रॅव्हलिंग केबल, पिटचे स्विच आणि वेगावर लक्ष ठेवणाऱ्या गव्हर्नरची खालची पुली, सगळं भिजतं. बिल 'नैसर्गिक आपत्ती' म्हणून सोसायटीच्या गळ्यात. म्हणून जूनआधी पिटमधला पंप बादलीभर पाणी ओतून आपोआप चालू होतो का ते बघा. जोराचा पाऊस लागला की केबिन वरच्या मजल्यावर नेऊन मेन स्विच पाडा.

लिफ्टचा दोर बदलायचा सांगितला तर व्हर्नियरने (जाडी मोजायचं साधन) माप घ्यायला सांगा. मूळ व्यासाच्या १० टक्के झीज झाली की बदलायचाच, १३ मिमीचा दोर ११.७ वर आला म्हणजे संपला. कॉन्ट्रॅक्टमध्ये दोर आत की बाहेर, हे सही करण्याआधी विचारा. सही झाल्यावर विचारणारे सेक्रेटरी जास्त.

गुंडाळी, वागळे इस्टेट
पंपाची मोटर जळली की सोसायटी बिल्डरकडे बोट दाखवते आणि बिल्डर वॉचमनकडे. मोटर खोलल्यावर ती स्वतःच सांगते कोण ते. रिवाइंडिंगला (नवी तार गुंडाळायला) टाकण्याआधी झाकण काढून गुंडाळीचा फोटो घ्या, कारण जुनी तार एकदा कापली की पुरावा गेला.

सगळी कॉइल सारखी काळी : ओव्हरलोड. मोटरच्या तीन गुंडाळ्या स्टार किंवा डेल्टा अशा दोन पद्धतींनी जोडतात. स्टार जोडणीत दोन फेज काळ्या आणि एक नव्यासारखी चकचकीत, किंवा डेल्टात एकच फेज काळी : सिंगल फेजिंग, म्हणजे एक फेज गेली तरी मोटर चालत राहिली. एकाच ठिकाणी ठिपक्यासारखं जळालंय : इन्सुलेशनचा दोष, किंवा मेकॅनिकल सील (फिरत्या दांड्याशी पाणी अडवणारा भाग) गळून पाणी आत आलं. सीलच्या तोंडांवर चिरा आणि निळसर डाग असतील तर पंप कोरडा चालला.

मग पॅनल उघडा. सिंगल फेज प्रिव्हेंटर (फेज गेली की मोटर बंद करणारा) बसवलाच नाही? तो बसवणाऱ्याचा दोष. ओव्हरलोड रिलेचा (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) आकडा बघा. साडेसात एचपीच्या मोटरचा फुल लोड करंट, म्हणजे पूर्ण भारावरचा करंट, साधारण ११ अँपिअर असतो (खरा आकडा पट्टीवर). स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले गुंडाळीच्या वाटेवर असतो, तिथे त्याच्या ५८ टक्के, म्हणजे ६.४ च्या आसपास लावायचा. प्रत्यक्षात तो सरळ ११ वर फिरवून ठेवलेला सापडतो, कारण 'ट्रिप होत होता'. तो ट्रिप होत होता म्हणूनच मोटर इतके दिवस जिवंत होती!

ताबा मिळून ५ वर्षं झाली नसतील तर पंपाची वॉरंटी संपली म्हणून गप्प बसू नका. रेरा कायदा २०१६ चं कलम १४(३) : ताब्यापासून ५ वर्षांत बांधकाम, कामाचा दर्जा किंवा सेवासुविधांतला दोष लेखी कळवला की बिल्डरने ३० दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करायचा. चुकीचं बसवलेलं पॅनल यात मांडता येतं. कोरडा चालवलेला पंप मांडता येत नाही, ते सोसायटीचं. आणि ते वॉचमनच्या पगारातून कापू नका, पाणी नसलं की पंप थांबवणारा ३ हजारांचा ड्राय-रन प्रोटेक्टर आपण लावला नव्हता.

आसुत_पाणी, नेरुळ
इन्व्हर्टरची बॅटरी, थोडक्यात. '३६ + २४ महिने' म्हणजे ३६ महिने बदलून, पुढचे २४ प्रो-राटा, म्हणजे नव्या बॅटरीवर फक्त काही टक्के सूट. या प्रो-राटात सूट मिळते ती छापील किमतीवर. समजा छापील २०,००० आणि दुकानात तीच १४,५०० ला मिळते. ३० टक्के सूट धरून १४,००० पडले, म्हणजे वाचले ५००, शिवाय जुनी बॅटरी त्यांच्याकडे जमा, भंगाराचे पैसे गेले. आधी दुकानातला भाव विचारा, मग दावा करायचा की नाही ते ठरवा. पाणी आटून प्लेटा उघड्या पडल्या असतील तर ती वॉरंटीत असूनही बाद. भाड्याच्या घरात पाणी घालणं राहणाऱ्याचं काम, बॅटरी मालकाची.

मोरबे, सीवूड्स
वॉटर प्युरिफायर : सेडिमेंट, कार्बन, मेम्ब्रेन हे गाळणीचे भाग म्हणजे खपणारी वस्तू, पाणी पिणाऱ्याने भरावी. बूस्टर पंप, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग), सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) मालकाचे. त्याआधी नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजा. पालिकेचं धरणाचं पाणी असेल तर आकडा इतका कमी येतो की आरओची गरजच राहत नाही, साधा यूव्ही पुरतो आणि मेम्ब्रेनचं भांडण मुळातच मिटतं.

मीटररूम, कोपरखैरणे
एकाच दिवशी एकाच जिन्यावरच्या तीन घरांत टीव्ही, राउटर आणि एसीचा पीसीबी (सर्किट बोर्ड) गेला, तर ते तीन वेगळे बिघाड नाहीत. न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) सैल झालाय. मीटररूममध्ये प्रत्येक फेज ते न्यूट्रल मोजून घ्या : एकीकडे ३०० व्होल्टच्या वर आणि दुसरीकडे १२० दिसलं की मेन पाडा. काळी पडलेली न्यूट्रल लिंक घट्ट करण्याआधी फोटो. सदनिकेच्या मेन स्विचपर्यंतची वायरिंग उपविधींप्रमाणे सोसायटीची जबाबदारी, त्यामुळे जळालेल्या वस्तूंचा दावा आधी सोसायटीकडे लेखी टाका. सैल जोड मीटरच्या अलीकडे, वीज कंपनीच्या बाजूला असेल तर तक्रार तिकडे.

आणि पीसीबी अख्खा बदलू नका. वीज आत येते तिथे एक निळी चपटी गोळी असते, व्हॅरिस्टर, जास्त व्होल्टेज स्वतःवर घेणारी. ती तडकलेली आणि शेजारचा फ्यूज काळा दिसला तर ती मेली आणि बहुधा बाकीचा बोर्ड वाचला. दोन्ही मिळून शंभरच्या आत. बोर्डाचे सात-आठ हजार सांगणाऱ्याला गोळी दाखवा.

ड्रम_स्पायडर, खारघर
फ्रंट लोडमध्ये ड्रमच्या मागचा तीन पायांचा अॅल्युमिनियम स्पायडर मोडतो. लक्षण : स्पिनला घरघर, हाताने ड्रम वरखाली हलतो, रबर कापलं जातं. जड पाणी, जास्त पावडर आणि कधीच न केलेलं ड्रम क्लीन यांनी तो खंगतो. पण दोन-तीन वर्षांत मोडला तर ती घडणीतलीच खोट. वॉरंटी संपली तरी निर्मितीतल्या दोषाची तक्रार करता येते : आधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दाखल करता येते. नवी मुंबईकरांनो, एक लक्षात घ्या : वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर आणि कामोठे रायगडात.

मोडलेला स्पायडर तंत्रज्ञाला देऊन टाकू नका. जॉबशीटवर 'ड्रम खराब' नको, 'स्पायडर मोडला, गंज नाही' किंवा 'गंजून मोडला' असं स्पष्ट लिहून सही घ्या. मोडलेल्या तोंडाचा जवळून फोटो काढा, पांढरी भुकटी (गंज) आहे की स्वच्छ चकचकीत धातू ते त्यात दिसायला हवं.