इन्सुलिनची सिरिंजही ताडून बघा
औषध देण्याआधी योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग, वेळ ही पाच पडताळली की पुरे, असं काही जण म्हणतात; पण ते इन्सुलिनला लागू पडत नाही. कुपीवर मिलीला 40 युनिट लिहिलंय की 100, आणि सिरिंज त्याच मापाची आहे का, हे बघायलाच हवं. लाल टोपणाची 40 ची, केशरी टोपणाची 100 ची. 100 च्या कुपीतलं औषध लाल सिरिंजनं 10 च्या रेघेपर्यंत ओढलं तर 25 युनिट जातात, अडीचपट!

बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एका आज्जींना दवाखान्यातून घरी सोडताना सगळं कन्नडमध्ये सांगून झालं होतं. त्यांनी नुसती मान हलवली. मला राहवेना, म्हटलं, "आज्जी, घरात कसं घेताय, करून दाखवा बघू." त्यांनी पिशवीतून जुनी लाल टोपणाची सिरिंज काढली. कुपी 100 ची होती.