मदत हवी आहे: खुंट्या विहिरीजवळून गेल्या, विहीर इकडे अन् वावर तिकडे

पऱ्हाटीवाला
काल मोजणीवाले येऊन वावरात खुंट्या मारून गेले. लाल डोक्याची एक खुंटी विहिरीच्या काठापासून सात पावलांवर आहे, मी स्वतः मोजली. विहीर वाचते, पण रस्ता झाला की तीन एकर वावर पलीकडे राहते. पाणी कसं नेऊ? पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बोंडावर आहे. लवकर सांगा.

आर्वीचा संत्रा
भाऊ, कोणता रस्ता? गाव कोणतं? वर्धा-यवतमाळात सध्या रस्त्यांची मोजणी एकच नाही.

पऱ्हाटीवाला
कळंब तालुका. रस्ता म्हणजे नवा मोठा रस्ता, गावात सगळ्यांना माहीत आहे. पाण्याचं सांगा न.

समृद्धीत गेलेला
आमची साडेतीन एकर समृद्धी महामार्गात गेली. आधी जमिनीच्या बदल्यात नवनगरात, म्हणजे महामार्गाकाठच्या नव्या वसाहतीत, प्लॉट घ्या म्हणत होते, ते लोकांनी नाकारलं, मग २०१७ पासून सरळ खरेदी सुरू झाली. चौपट अन् वरून २५ टक्के, म्हणजे पाचपट. त्यातून दुसरीकडे जमीन घेतली. माझं ऐका, सरळ खरेदीला हो म्हणा, विहिरीच्या मागे लागू नका.

देवळीकर
पऱ्हाटीवाल्यांनी भाव विचारलाच नाही. तुमची जमीन पूर्ण गेली म्हणून तुम्ही मोकळे झालात. ज्याचं वावर मधोमध चिरलं जाते त्याचं काय? हा शक्तिपीठ महामार्ग असेल तर मूळ आखणीत पवनारपासून गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे होते. तुळजापूर रोड, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ३६१, आपल्या कळंब-यवतमाळ-आर्णीवरूनच जातो. चांगला रुंद झालेला रस्ता जवळ असताना दुसरा कशाला, हा प्रश्न कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यांनी लावून धरला. आपल्याकडं कोणी बोलत नाही याचं मला फार वाईट वाटते.

समृद्धीत गेलेला
समृद्धीच्या वेळीही हेच म्हणत होते. नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर कधी होणार नाही म्हणे. ११ डिसेंबर २०२२ ला शिर्डीपर्यंत सुरू झाला, ५ जून २०२५ ला पूर्ण. येळाकेळीला चढलो की नागपूर किती जवळ झालं ते पाहा.

देवळीकर
गाडी असलेल्याला जवळ झालं. बैलबंडीवाल्याला त्याचंच पलीकडचं वावर लांब झालं. दोन्ही बाजूंनी तारेचं कुंपण, मध्ये अंडरपास कुठे असेल तिथूनच जायचं. माझ्या मावसभावाला वेचणीच्या दिवसात बाया पलीकडं न्यायच्या तर पाऊण तास जातो. हा रोज जाणारा वेळ कोणत्याच मोबदल्यात धरला जात नाही.

बुटीबोरी अपडाउन
समृद्धीवर दुचाकी चालत नाही, हे लक्षात ठेवा. मी रोज वर्ध्याहून बुटीबोरीला जुन्या रस्त्यानंच जातो. पावसाळ्यात रेनकोट डिकीतच ठेवत जा.

आर्वीचा संत्रा
पऱ्हाटीवाले, नोटीस आली का? कागदावर कोणत्या कायद्याचं नाव आहे? त्याच्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

पऱ्हाटीवाला
माझ्या हातात काही दिलं नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद चिकटवला आहे म्हणतात. मी वावरात आहे, पंप सुरू आहे.

सातबारा वाचणारा
दादा, पंप बंद करा आणि जाऊन त्या कागदाचा फोटो काढून आणा. केंद्राचा रस्ता असेल तर राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६, कलम ३ए असेल. त्यात अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत हरकत द्यावी लागते. राज्याचा असेल तर १९५५ चा महाराष्ट्राचा महामार्ग कायदा. नुसती भरपाई द्या असं लिहू नका. विहिरीवर भिजणारं तीन एकर ओलीत पाण्यापासून तुटते, हे गट नंबरासहित लिहा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २८ मध्ये जमिनीचा तुकडा पडल्याचं नुकसान वेगळं धरायचं सांगितलं आहे. केंद्राच्या कायद्यातही ३जी(७) मध्ये ते आहे. सोबत पाइप नेण्यासाठी रस्त्याखालून नळी मागा, जवळच्या पांदणीवर अंडरपास मागा. भराव पडल्यावर नळी टाकून मिळणं फार कठीण, आत्ता नकाशावर रेघ आहे तोवरच मागायचं.

समृद्धीत गेलेला
नळीचं हे मला माहीत नव्हतं. आमच्या शेजाऱ्यानं मागितलीच नाही, आता टँकरवर झाडं जगवते. बरोबर सांगितलं तुम्ही.

चंद्रपूरचा कास्तकार
पलीकडच्या तीन एकरात शेततळं घ्या ना. अस्तरीकरणाचं अनुदान मिळते. माझ्याकडं दोन आहेत, मासेही सोडलेत.

आर्वीचा संत्रा
एक विचारायचं राहिलं. विहीर सातबाऱ्यावर आहे ना?

पऱ्हाटीवाला
कागद पाहून आलो. १९५५ चाच आहे, कलम १५ लिहिलं आहे, अन् तारीख बारा दिवसांपूर्वीची. मला आज कळलं. विहीर बाबांनी खोदली, काठ बांधताना मी विटा वाहिल्या आहेत. सातबाऱ्यावर नोंद नाही. वावर डोळ्यापुढे आहे, विहीर दिसते, तिला कागद कशाला लागेल असं वाटत होतं.

देवळीकर
भाऊ, विहीर सगळ्यांना दिसते, पण पैसे कागद पाहून मिळतात. उद्याच तलाठ्याकडं अर्ज द्या, पंचनामा मागा. विजेचं बिल जोडा, कृषिपंपाचं मीटर बाबांच्या नावावर असेल तर तोच मोठा पुरावा.

सातबारा वाचणारा
विजेच्या बिलाचं अगदी बरोबर. ई-पीक पाहणीत पऱ्हाटी लावताना सिंचनाचं साधन विहीर लिहिलं असेल तर तीही प्रत काढा. धुऱ्यावरचे निंब, बाभळी मोजून लिहा, त्यांचं मूल्यांकन वेगळं होते. हरकत किती दिवसांत द्यायची ते त्याच कागदात शेवटी असते, वाचा. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. सातबारा तुमच्याच नावावर आहे ना?

पऱ्हाटीवाला
आजोबांच्या. आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली. आम्ही अन् काका, दोन घरं. काकांशी दिवाळीपासून बोलणं नाही. त्यांचाही नंबर आहेच त्यात, पलीकडचं दीड एकर ते वाहतात.

सातबारा वाचणारा
मग वारस नोंदीचा अर्जही सोबतच द्या. काकांना आत्ता फोन करा, हरकतीवर त्यांचीही सही घ्या. पाणी त्यांचंही तुटते आहे.

पऱ्हाटीवाला
करतो. पंप बंद करून येतो.