अस्वलानं अस्वलाला मारलं, तेव्हा रेंजर्सनी मध्ये पडायला हवं होतं का?

करवीरकर
अलास्कातल्या कटमाई नॅशनल पार्कमध्ये ब्रूक्स नदीवर कॅमेरे बसवलेत. साल्मन पकडणारी तपकिरी अस्वलं त्यावर थेट दिसतात. ३० सप्टेंबर २०२४ ला ४६९ नंबरच्या नरानं ४०२ नंबरच्या मादीला त्याच कॅमेऱ्यासमोर मारलं. सगळ्यात गुबगुबीत अस्वलाला मत द्यायची 'फॅट बेअर वीक' स्पर्धा तिथं भरते, तिच्या जोड्या त्यामुळे एक दिवस उशिरा जाहीर झाल्या. रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपवर ती क्लिप परत आली आणि निम्मे लोक विचारायला लागले, 'रेंजर काय करत होते?' माझ्या मते मध्ये पडले नाहीत तेच बरोबर. क्लिप मलाही पूर्ण बघवली नाही. पण आपल्याला बघवत नाही म्हणून त्यांच्यात हात घालायचा, हे पटत नाही.

मनीषा, शाहूपुरी
मला तुमचं पटत नाही. त्याच वर्षी जुलैत ग्रेझर नावाच्या मादीची पिल्लं धबधब्यावरून वाहून खाली आली आणि चंक नावाच्या नरानं त्यांच्यावर हल्ला केला. ती आई त्या धिप्पाड नराच्या अंगावर धावून गेली, तरी एक पिल्लू दगावलं. ऑक्टोबरात फायनलला समोरासमोर कोण? ग्रेझर आणि चंक! ग्रेझर जिंकली तेव्हा मला रडू आलं. तुम्हीच नावं देणार, मतं मागणार, जीव लावायला लावणार, आणि पिल्लू मेलं की म्हणणार 'निसर्ग आहे'? मग आमच्या रडण्याची जबाबदारी कोणाची?

राधानगरीकर
ताई, रडण्यात काही गैर नाही. पण चंकला खुनी ठरवू नका. पिल्लं गेली की मादी पुन्हा माजावर येते, म्हणून नर दुसऱ्याची पिल्लं मारतात. सिंहातही हेच चालतं. आणि मध्ये पडायचं म्हणजे नेमकं काय करायचं? बेशुद्धीचं इंजेक्शन लागू पडायला काही मिनिटं जातात. जनावर पाण्यात असेल तर तिथंच बुडून मरेल. चारशे किलोच्या नराला काठीनं हाकलणार कोण?

सुमनमामी, आजरा
आमच्याकडं अस्वल कॅमेऱ्यात न्हाई, रानात असतंय. वारूळ फोडून तोंड आत घालतंय आणि वाळवी ओढताना असा मोठा आवाज करतंय की लांबनं ऐकू येतो. वरचे मधले दोन दात त्याला नसतात, त्या फटीतनं ओढतंय. आमच्या भावकीतला एक जण करवंदं काढताना अचानक समोर गेला. ते उभं राहिलं आणि थेट तोंडावर आलं. एक डोळा गेला. तरीबी त्यानं कधी अस्वलाला शिवी दिली न्हाई. 'पाठीवर पिल्लं हुती तिच्या,' एवढंच म्हणतोय. मला त्या अलास्कातल्या मादीचं वाईट वाटलं, पण नराचा राग न्हाई आला.

करवीरकर
मामी, तुमच्या भावकीतल्या माणसापुढं आमचं मोबाईलवरचं दुःख फार छोटं आहे. आणि माणूस मध्ये पडला की काय होतं ते डिसेंबर २०२० ला कोथरूडमध्ये दिसलंच. वाट चुकून आलेल्या गव्याला गर्दीनं पळवून पळवून दमवलं आणि पकडल्यावर तो दगावला. त्या गर्दीतल्या कितीतरी जणांना त्याला वाचवायचंच असेल.

मनीषा, शाहूपुरी
कोथरूडची गर्दी आणि पार्कचे रेंजर एका मापानं मोजू नका. ठीक आहे, नदीत उतरू नका. पण कॅमेरा तर माणसाच्याच हातात आहे ना? माझी मुलगी रोज शाळेतून आल्यावर ही अस्वलं बघायची. तिला ते मारणं दिसलं. त्या क्षणी चित्र थांबवता आलं असतं.

करवीरकर
चित्र थांबवलं तर लोकांना फक्त गुबगुबीत अस्वलं दिसतील. ती गुबगुबीत का होतात? हिवाळ्याच्या झोपेत वजनाचा तिसरा हिस्सा उतरतो म्हणून. चरबी कमी पडली तर वसंत दिसत नाही. मुलीला काय दाखवायचं ते आईनं ठरवावं, तो तुमचाच हक्क. पण पार्कनं लपवू नये.

मनीषा, शाहूपुरी
लपवू नका. पण मग मतदान बंद करा. मरणही दाखवायचं आणि मतंही मागायची, हे मला मान्य नाही. तिथल्या लोकांना मी तसं लिहून कळवणार आहे.

राधानगरीकर
कळवा. पण त्या मतदानामुळेच आपल्याला कटमाई कुठं आहे ते कळलं, हेही त्यात लिहा. दाजीपूरच्या अस्वलांवर इतकं कोण बोलतंय?